कार्बाईड टिपने लाकूड कातायचं तर: पहिल्या लाटण्यापासून टिपला धार लावण्यापर्यंत

लेथवर लाकूड कातायला सुरुवात केलेले बरेच जण दोन महिन्यात सोडून देतात, आणि माझ्या बघण्यात त्याचं कारण लाकूड नसतं, मशीन पण नसतं, धार असते. एचएसएसची (हाय स्पीड स्टीलची) गॉज म्हणजे पन्हाळीसारखी खोलगट पटाशी घेतली की तिला ठराविक कोनात धार लावावी लागते, त्याला ग्राइंडर लागतो, कोन धरून ठेवणारी जिग लागते, हात बसावा लागतो, आणि जरा काम झालं की मशीन बंद करून परत ग्राइंडरपाशी जावं लागतं. म्हणजे माणूस कातायला शिकायच्या आधी धार लावायलाच शिकत बसतो. स्क्रूने टिप, म्हणजे कापणारी छोटी सुटी पाती, बसवलेलं कार्बाईडचं टूल घेतलं की हा डोंगर बाजूला होतो, नवीन टिपची धार कारखान्यातूनच आलेली असते आणि आपल्याला टूल सरळ आडवं धरायचं तेवढं शिकायचं असतं. म्हणून नवीन कोणी विचारलं की मी सांगतो, कार्बाईडने सुरू कर, गॉज नंतर शिक.

पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. कार्बाईडला धार लावावीच लागत नाही असं विकणारे सांगतात ते खरं नाही. कार्बाईड बोथट होतं, फक्त इतकं हळू होतं की आपल्याला पत्ता लागत नाही. आपण रोज नकळत थोडा थोडा जोर वाढवत जातो, आणि महिनाभराने टूल लाकडात ढकलून घुसवायची सवय लागलेली असते, मग कधीतरी टूल अडकतं, लाकूड सेंटरमधून सुटून उडतं, आणि माणूस म्हणतो मला हे काम जमत नाही. जमत असतं. टिप फिरवून ताजी कड पुढे आणायला हवी होती एवढंच.

आता कार्बाईड म्हणजे नेमकं काय ते थोडक्यात. टंगस्टन कार्बाईडचे अगदी बारीक कण कोबाल्टमध्ये घट्ट बसवलेले असतात, म्हणजे खडी आणि सिमेंट असतं ना तसं, खडी कार्बाईडची आणि सिमेंट कोबाल्टचं. जर्मनीत कार्ल श्रोटर यांनी १९२३ मध्ये याचं पेटंट घेतलं आणि नंतर क्रुप कंपनीने ते विडिया या नावाने बाजारात आणलं, जर्मन भाषेत वी डियामांट म्हणजे हिऱ्यासारखं, त्यातून ते नाव झालं. आपल्या नाशिकच्या अंबड सातपूर एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये जुने ऑपरेटर ब्रेझिंग करून म्हणजे झाळून टिप जोडलेल्या टूलला अजून विडिया टूल म्हणतात ते तेच. हे एचएसएसपेक्षा खूप कठीण आहे म्हणून धार जास्त टिकते, पण तितकंच ठिसूळ पण आहे. टिप फरशीवर पडली की कोपऱ्याचा कण उडालाच म्हणून समजा. टेबलावर टिपा एकमेकींवर टाकून ठेवू नका, कार्बाईडने कार्बाईडला ओरखडे पडतात.

कोणती टिप घ्यायची

सुरुवातीला दोनच टिपा पुरतात, एक चौकोनी आणि एक गोल. चौकोनी लाकूड गोल करायला आणि सरळ भाग कातायला, गोल टिप खोलगट वळणं आणि वाटीचा आतला भाग कातायला. तिसरी शंकरपाळ्यासारखी टोकदार येते, ती बारीक खाचा पाडायला असते आणि तीच सगळ्यात जास्त अडकते, म्हणून ती तीनचार महिन्यांनी घ्या. चौकोनी टिप घेताना एक बघा, तिच्या चारी कडा अगदी सरळ नकोत, किंचित फुगीर हव्यात आणि कोपरे थोडे गोल हवेत. एकदम सरळ कडेची टिप, जी रंधा मशीनच्या कटरला लावतात ती, ती पण चालते पण तिचा अणकुचीदार कोपरा लाकडावर रेघा मारत जातो आणि संपूर्ण कड एकदम टेकली की टूल थरथरतं.

नाशिकमध्ये आपल्याकडे एक वेगळाच प्रश्न आहे आणि त्याबद्दल मला खास लिहायचं आहे. इथे घरटी एक माणूस कंपनीत, आणि त्यातले कितीतरी सीएनसीवर. त्यामुळे लाकूड कातायचं म्हटलं की पहिली आयडिया हीच येते की कंपनीतल्या वापरलेल्या टिपा आणू, कार्बाईडच आहे ना ते पण. मी पण हेच केलं होतं, सुपरवायझरला विचारून पाचसहा सीएनएमजी प्रकारच्या टिपा आणल्या, होल्डर बनवला आणि आंब्याच्या लाकडावर लावली. कापलं नाही, लाकूड नुसतं चोळलं गेलं, काळा डाग पडला आणि धूर आला. मला वाटलं स्पीड चुकला, मग वाटलं लाकूड ओलं आहे, दोन रविवार त्यात गेले.

कारण नंतर कळलं. स्टील कातायच्या टिपची कड मुद्दाम किंचित गोल केलेली असते आणि वर कोटिंग असतं, कारण स्टीलच्या दाबाखाली एकदम तीक्ष्ण कड लगेच तुटेल. लाकडाला उलट हवं, लाकडाचे तंतू कापायला कड वस्तऱ्यासारखी हवी. त्यामुळे सोनेरी किंवा काळ्या कोटिंगची टिप लाकडाला लावू नका, नवीन असली तरी. अॅल्युमिनियम कातायच्या टिपा मात्र चालतात, सीसीजीटी किंवा गोल आरसीजीटी प्रकारच्या, त्या बिनकोटिंगच्या चकचकीत पॉलिश केलेल्या असतात आणि कड खरोखर तीक्ष्ण असते. कोणाच्या कंपनीत अॅल्युमिनियमचं काम असेल तर तिथे विचारा, पण विचारूनच घ्या, वापरलेल्या कार्बाईडला भंगारात चांगला भाव असतो आणि कंपन्या ते वजन करून विकतात, खिशात टाकून आणायची वस्तू नाही ती.

टूलची दांडी विकत घ्या किंवा बनवून घ्या. बनवायची असेल तर १२ मिमी चौकोनी ब्राइट बार म्हणजे गुळगुळीत स्टीलची सळई, २५० मिमी लांब, टोकाला टिप बसेल एवढी बैठक मिलिंग करून, मध्ये टिपच्या भोकाप्रमाणे एम ४ किंवा जो असेल तो टॅप मारून म्हणजे स्क्रूचे आटे पाडून. अंबडला कुठल्याही छोट्या जॉब शॉपमध्ये हे होऊन जातं. गोल बार नको, चौकोनीच घ्या, टूल रेस्टवर, म्हणजे लाकडासमोर टूल टेकवायच्या आडव्या पट्टीवर, ती आपोआप सपाट बसते आणि नवीन माणसाला तोच सगळ्यात मोठा आधार असतो. मूठ लांब ठेवा, ३५० मिमी तरी, आखूड मुठीने धक्का थेट मनगटात येतो. बैठक अगदी सपाट पाहिजे, टिपखाली भुशाचा एक कण राहिला आणि तुम्ही स्क्रू आवळला तर टिप मधून तडकते. स्क्रू पण छोट्या एल की ने दोन बोटांनी आवळायचा, मनगटाचा जोर लावायचा नाही.

मशीनवर उभं राहायच्या आधी

अंगावर लोंबणारं काही नको. उपरणं, ओढणी, गळ्यातली चेन, मंगळसूत्र, सैल बाही, मनगटातला दोरा, सगळं काढा किंवा आत खोचा. हातमोजे घालायचे नाहीत, मोजा लाकडात अडकला की हात ओढला जातो. चेहऱ्यावर पूर्ण फेस शील्ड, नुसता गॉगल नाही. आणि नाकाला चांगला मास्क, एन ९५ तरी, कारण लाकडाची धूळ कॅन्सरला कारणीभूत ठरते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने केव्हाच जाहीर केलंय, ही साधी धूळ नाही. शिसवी जातीच्या लाकडाने काहींना खाज आणि शिंका येतात, ज्याला येतात त्याने ते लाकूड सोडून द्यावं. कण्हेरीचं लाकूड बागेत फुकट मिळालं तरी आणू नका, झाड पूर्ण विषारी आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, उंची. कार्बाईडची सपाट टिप खरवडून कापते, गॉजसारखी तिरपी धरून नाही. त्यामुळे टूल जमिनीला समांतर, एकदम आडवं, आणि टिपची वरची कड लाकडाच्या बरोबर मध्याच्या उंचीला. हे कसं बघायचं, तर लाकूड लावायच्या आधी टेलस्टॉकचं, म्हणजे लाकडाला उजव्या टोकाकडून आधार देणाऱ्या भागाचं, टोक पुढे आणा, टूल रेस्टवर टूल ठेवा आणि टिपची कड त्या टोकासमोर न्या. कड आणि टोक एका रेषेत आलं की रेस्टचा बोल्ट आवळा. टिप दांडीच्या वरच्या बाजूला लेव्हल बसत असेल आणि दांडी १२ मिमीची असेल तर रेस्ट मध्यापासून १२ मिमी खाली येईल. एकदा हे माप मिळालं की रेस्टच्या खांबाला पेंटने खूण करून ठेवा, रोज मोजत बसायची गरज नाही.

बाहेरून कातताना कड मध्यावर किंवा केसभर खाली चालते, वर नको. वाटीच्या आतून कातताना उलटं, मध्यावर किंवा केसभर वर, खाली नको. कारण सोपं आहे, धक्का बसला की टूलचं टोक नेहमी खालीच दबतं, तर दबल्यावर ते लाकडापासून सुटलं पाहिजे, लाकडात घुसता कामा नये. कागदावर एक गोल काढून त्यावर पेन्सिलचं टोक खाली सरकवून बघा, दोन मिनिटात डोक्यात बसेल आणि मग आयुष्यभर विसरणार नाही.

पहिलं लाटणं

पहिलं काम लाटणंच घ्या. घरात लागतं, सरळ आहे, आणि चूक झाली तर थोडं बारीक लाटणं होतं, वाया जात नाही. ४५ मिमी चौकोनी आणि ३३० मिमी लांब तुकडा, पूर्ण वाळलेला, गाठ आणि चीर नसलेला. शिसम असेल तर उत्तम, बाभूळ पण छान पण कडक, आंबा मऊ आहे आणि शिकायला बरा. सागाबद्दल लोक विचारतात, सागात सिलिका असते म्हणजे वाळूसारखे कण असतात, एचएसएसची धार त्याने पटापट जाते, तिथे कार्बाईडचा फायदा खरा दिसतो.

दोन्ही टोकांना कर्ण काढून मध्य काढा, पंचने खड्डा पाडा, ड्राइव्ह सेंटरच्या, म्हणजे लाकूड फिरवणाऱ्या दातेरी टोकाच्या, बाजूला हलका हातोडा मारून दात बसवा, मग मशीनवर लावून टेलस्टॉक घट्ट करा. रेस्ट लाकडाच्या कोपऱ्यापासून ६ ते ८ मिमी अंतरावर. आता मशीन चालू न करता लाकूड हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवा. कुठे लागत नाही ना बघा. हे रोज, दर वेळी, रेस्ट हलवला की परत.

स्पीडचा एक जुना हिशोब आहे, व्यास इंचात गुणिले आरपीएम ६००० ते ९००० च्या मध्ये यावा. पावणेदोन इंचाच्या लाटण्याला त्या हिशोबाने साधारण साडेतीन ते पाच हजार येतं पण तो तयार हाताचा आणि गोल झालेल्या लाकडाचा आकडा आहे. तुम्ही चौकोनी असताना ८०० ते १००० वर सुरू करा, गोल झालं की १५०० ते २००० करा, तेवढ्यात सगळं होतं. चालू करताना लाकडाच्या समोर नाही, बाजूला उभं राहायचं.

चौकोनी टिप लावलेलं टूल आधी रेस्टवर टेकवा, मग लाकडाकडे न्या. कधीच उलटं नाही. डावा हात पुढे दांडी रेस्टवर दाबून धरतो, उजवा हात मुठीवर आणि मूठ पोटाच्या बाजूला टेकलेली. टोकापासून दोनतीन इंच आत सुरू करा आणि टोकाकडे सरकत बाहेर पडा, मग अजून थोडं आतून सुरू करून परत बाहेर. लाकडाच्या अगदी टोकावरून आत शिरू नका, तिथे मोठी कपची उडते. एका वेळी मिलिमीटरभरच घ्या. सुरुवातीला ठक ठक ठक असा आवाज येईल, कारण टिप फक्त चार कोपऱ्यांना लागतेय, घाबरू नका पण ढकलू पण नका, कोपरे स्वतःच टिपकडे येतायत, तुम्हाला फक्त टूल जागेवर धरायचंय. आवाज हळूहळू जुळत जातो आणि एका क्षणी तो एकसारखा सूऽऽ होतो, तेव्हा लाकूड गोल झालं. तो आवाज कानात साठवून ठेवा, धारेचं काय चाललंय ते पुढे तोच सांगणार आहे.

हात नाही हलवायचे, शरीर हलवायचं. पाय थोडे फाकवून उभं राहा आणि कंबरेतून डावीकडून उजवीकडे झुला, हात आणि टूल एकच तुकडा आहे असं समजून. मनगटाने टूल फिरवलं की पृष्ठभाग लाटांसारखा होतो. गोल झाल्यावर कॅलिपरने ३८ मिमीवर आणा, मधला २१० मिमीचा भाग लाटायचा आणि दोन्हीकडे मुठी. मुठीच्या मानेला गोल टिप घ्या, नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे उतरत यायचं, चढायचं नाही. चढलात तर तंतू उचकटले जातात आणि पृष्ठभागाला लव आल्यासारखी दिसते. दोन्ही बाजूंनी उतरत मध्ये भेटायचं.

शेवटचे दोन हात एकदम हलके, टिप फक्त टेकवून, आणि ते टिपच्या ताज्या कडेने. मग रेस्ट पूर्ण बाजूला काढा आणि पॉलिश पेपर १२०, १८०, २४०, ३२०, पेपर लाकडाच्या खालच्या बाजूने धरा म्हणजे हात ओढला गेला तरी मोकळ्या जागेत जातो. कापडाची चिंधी फिरत्या लाकडाला लावू नका, टिश्यू किंवा कागदच वापरा, तो फाटतो, कापड फाटत नाही आणि बोटाला गुंडाळतं.

वाटी कातायची असेल तर अजून पाचसहा लाटणी होऊ द्या. तिथे फेसप्लेट म्हणजे लाकूड स्क्रूने बसवायची चकती आली, एंड ग्रेन आला म्हणजे लाकडाच्या नळ्यांची तोंडं समोर येतात तो भाग, आणि स्पीड कमी, आठ इंची वाटीला ५०० वर सुरू. रेस्ट आत वळवून जवळ ठेवा. १२ मिमीची दांडी रेस्टच्या पुढे ५०–६० मिमीच्या वर बाहेर काढली की ती थरथरायला लागते, त्याच्यापुढे जाड दांडी घ्यायची.

टिप बोथट झाली हे कसं ओळखायचं

चांगली टिप कीस काढते, खोबऱ्याच्या किसासारखा, हातात घेतला तर लवचिक लागतो. बोथट टिप भुगा काढते, पीठ. ओल्या लाकडात तर चांगल्या टिपने फितीच निघतात. लाकूड तेच, स्पीड तोच आणि किसाच्या जागी पीठ यायला लागलं की मशीन बंद करायचं. दुसरं, तो सूऽऽ आवाज खरखरीत होतो. तिसरं, एंड ग्रेनवर खड्डे खड्डे दिसतात, तंतू कापले न जाता उपटले गेलेत त्याचं ते लक्षण. आणि चौथं म्हणजे टिप दिव्याखाली धरून कड डोळ्यासमोर आणा, तीक्ष्ण कडेवर उजेड दिसत नाही, बोथट कडेवर पांढरी बारीक रेघ चमकते. घड्याळजीचं भिंग असेल तर अजून छान.

आधी टिप फिरवा. चौकोनीला चार कडा आहेत, गोल टिप थोडी थोडी फिरवत गेलं की दहाबारा ताज्या जागा मिळतात. मार्करने टिपवर एक ठिपका काढून ठेवा म्हणजे कुठून सुरू केलं ते कळतं. पूर्ण फेरी संपली की मग धार.

धार लावणे

ग्राइंडरच्या साध्या राखाडी दगडावर कार्बाईड धरू नका. तो दगड अॅल्युमिनियम ऑक्साइडचा असतो, कार्बाईडला तो नीट कापतच नाही, नुसतं तापवतो आणि कडेचे कण उडवतो. हिरवा सिलिकॉन कार्बाईडचा दगड कापतो, वर्कशॉपमध्ये विडिया टूल त्यावरच घासतात, पण आपल्या लाकडाच्या टिपला तो फार भरड आहे. शिवाय ती उडणारी कोरडी धूळ कोबाल्टची, फुफ्फुसाला वाईट. तापलेली टिप पाण्यात बुडवली तर तडकते ते वेगळंच. आपल्याला लागते ती डायमंडची सपाट प्लेट, ६०० आणि १२०० ग्रिट, आणि थोडं पाणी. वीज लागत नाही, जिग लागत नाही.

टिप दांडीवरून काढा. तिच्यावर लाकडाचा चीक भाजून काळा थर बसलेला असतो, तो आधी काढायचा, नाहीतर प्लेट त्या चिकाने भरून जाते. वाटीत थोडं रॉकेल किंवा थिनर घ्या, टिप दहा मिनिटं बुडवून जुन्या टूथब्रशने घासा, नंतर भांड्याच्या साबणाने धुवा. कितीतरी वेळा एवढ्यानेच टिप परत कापायला लागते, म्हणजे ती बोथट नव्हती, चिकाने झाकली होती.

मग टिपची वरची सपाट बाजू मार्करने पूर्ण रंगवा, कडेपर्यंत. घासायची ती फक्त ही वरची बाजू. खालचा उतार, जो कडेपासून आत जातो, त्याला अजिबात हात लावायचा नाही, त्या उतारानेच टिपचा आकार आणि कोन ठरलेला असतो. प्लेटवर पाण्याचे चारपाच थेंब टाका, टिप पालथी ठेवा, रंगवलेली बाजू खाली, बोटाने मधोमध दाबा आणि इंग्रजी आठच्या आकारात फिरवा. बोट एका बाजूला दाबलं तर एकच कड घासली जाते, म्हणून मधोमध. टिप छोटी असते आणि बोटाला नीट पकड मिळत नाही, तिथे एक युक्ती करा, टिपच्या पाठीला छोटं जाडसर लोहचुंबक चिकटवा, कोबाल्ट असल्यामुळे टिप चुंबकाला चिकटते आणि तेच धरायला मूठ होतं.

पंधरावीस फेऱ्या झाल्या की टिप पुसून बघा. मार्करची शाई कुठे गेली आणि कुठे राहिली ते सगळं सांगतं. माझ्या बहुतेक टिपांवर शाई आधी मध्यातून जाते आणि कडेला एक केसभर काळी रेघ राहते, ती रेघ म्हणजेच गोल झालेली बोथट कड, प्लेट अजून तिथे पोचलीच नाही. नवीन माणूस इथे थांबतो, मधलं चकचकीत दिसलं म्हणून. थांबू नका, परत पाणी, परत पंधरा फेऱ्या, आणि ती काळी रेघ चारी बाजूंनी पूर्ण गेली की मगच १२०० च्या प्लेटवर जा. तिथे दहाबारा हलक्या फेऱ्या. शेवटी चामड्याच्या पट्टीवर डायमंड पेस्टचा एक ठिपका लावून पाचसहा वेळा ओढा, हे केलंच पाहिजे असं नाही पण लाटण्याच्या शेवटच्या हाताला फरक दिसतो, पॉलिश पेपर १२० ऐवजी १८० पासून सुरू करता येतो.

प्लेटवर जो राखाडी चिखल होतो तो कार्बाईड आणि कोबाल्ट आहे. ओला असतानाच कागदाने पुसून टाका, वाळवून फुंकू नका, कंप्रेसरची हवा मारू नका, हात साबणाने धुवा. आणि ही प्लेट पाण्याने धुवून कोरडी ठेवा. प्लेटवर जोर द्यायचा नसतो, जोराने हिरे उपटून निघतात, बोटाचं वजन पुरतं.

एक टिप अशी कितीतरी वेळा घासता येते, वरून फार थोडं जातं. पण खोलगट म्हणजे वाटीसारखी खणलेली टिप किंवा वरच्या बाजूलाही उतार असलेली निगेटिव्ह रेकची टिप असेल तर ही सपाट प्लेटची पद्धत चालत नाही, त्यांच्या कडेपर्यंत प्लेट पोचत नाही. आणि नखाला अडकेल एवढा दात पडला असेल तर घासून वेळ घालवू नका, ती कड सोडून द्या आणि बाकीच्या तीन वापरा.

तसा दात माझ्या टिपला कसा पडला ते सांगतो कारण नाशिकमध्ये हे कोणालाही होऊ शकतं. दिंडोरीकडे ओळखीच्यांनी उन्हाळ्यात जुनी द्राक्षबाग काढली, खोडं जळणाला चालली होती, मी गाडीभर उचलून आणली. द्राक्षाचं खोड पिळलेलं असतं, आतून तपकिरी लालसर, पेन आणि छोट्या डब्यांना फार सुंदर दिसतं. तिसऱ्याच तुकड्याला खाट्‌ असा आवाज झाला आणि फेस शील्डवर काहीतरी आपटलं. मशीन बंद करून पाहिलं तर गोल टिपचा पाव भाग गायब आणि लाकडात मांडवाच्या तारेचा चमकणारा ठिपका. वेलाने वाढता वाढता तार गिळून टाकली होती, बाहेरून साल अगदी धड. शील्ड नसतं तर तो तुकडा डोळ्यात गेला असता, हे मी कोणाला घाबरवायला लिहीत नाहीये, जे झालं ते लिहितोय. तेव्हापासून बागेतलं, कुंपणाचं, जुन्या वाड्याच्या तुळईचं कुठलंही लाकूड आलं की आधी वायर ब्रशने माती काढतो, मग ताकदीचं चुंबक सगळीकडून फिरवतो, आणि संशयाची जागा असेल तर तेवढा तुकडा कापून टाकतो. खोडाच्या भेगांतली माती पण वाळूच असते, ती टिप चांगलीच खाते.

पावसाळ्यात टिपला फारसं काही होत नाही पण स्क्रू आणि बैठक गंजते. ओली बाभूळ किंवा साग कातलं की लोखंडी दांडी काळी पडते आणि स्क्रूच्या खाचेत तो काळा चिखल सुकून बसतो, मग एल की घुसत नाही आणि खाच गोल होते. काम संपलं की टिप काढायची, बैठक ब्रशने साफ करायची, स्क्रूला शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब, आणि मग परत बसवायची. जास्तीचे चारपाच स्क्रू आणून ठेवा, टिपेपेक्षा आधी तेच हरवतात.

टिपा ठेवायला मी औषधाच्या गोळ्यांचा कप्प्याकप्प्याचा डबा वापरतो, एका कप्प्यात एकच टिप. वरची रांग नव्या आणि घासलेल्या, मधली रांग घासायच्या, खालची संपलेल्या. घासायच्या रांगेत चार जमल्या की एका संध्याकाळी सगळ्या एकदम प्लेटवर घेतो, अर्धा तास लागतो. संपलेल्या फेकू नका, किलोभर व्हायला वेळ लागतो पण कार्बाईडचं भंगार घेणारे ते वेगळं वजन करून घेतात, लोखंडात मिसळून देऊ नका.